पहिल्या बोन्सायला आधी जगू द्या

माझा पहिला बोन्साय टीव्हीच्या शेजारी मेला.

घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून आठशे रुपयांना आणलेला फायकस होता. खाली रताळ्यासारखी गलेलठ्ठ मुळं, वर पानांचे चार झुपके. मातीवर पांढरे खडे पसरलेले होते, निदान मला तसं वाटलं. खरं तर ते गोंदाने एकमेकांना चिकटवलेले होते. रोज सकाळी चहा झाला की मी अर्धी वाटी पाणी त्या खड्यांवर ओतायचो. पाणी कडेकडेने घरंगळत खाली ताटलीत यायचं आणि मी खूश व्हायचो, मस्त मुरतंय म्हणून. महिन्याभरात पानं गळायला लागली. मी पाणी वाढवलं. आणखी पंधरा दिवसांनी झाड उपटून पाहिलं तर मुळांच्या मधोमध माती ठणठणीत कोरडी आणि तळाला काळा, कुबट वासाचा चिखल. तहानेने आणि बुडून, एकाच वेळी दोन्हींनी मेलेलं झाड मी पहिल्यांदाच बघत होतो.

आज ठाण्यात, वर्तकनगरच्या आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत अकरा झाडं आहेत. सोसायटीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला विचारतं, "मलाही एक बोन्साय करायचाय, तार कुठे मिळते?" फांद्या वळवायची ती तार नंतर. पहिलं वर्ष आकार द्यायचाच नाही. पहिल्या वर्षी आपल्या गॅलरीत, आपल्या पाण्यावर, आपल्या पावसाळ्यात एक झाड कुंडीत टुणटुणीत ठेवता आलं, की पुढची सगळी कारागिरी शिकता येते. ते जमलं नाही तर तार कितीही महागाची आणा, काटकीलाच गुंडाळाल.

एक गैरसमजही आधीच काढून टाकू. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुरटवणं नव्हे. उपाशी झाड मरतं, लहान राहत नाही. झाड लहान राहतं ते वरून फांद्या आणि खालून मुळं वेळोवेळी छाटल्यामुळे, आणि ती छाटणी सोसायला ते धडधाकट असावं लागतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून ते कुंडीत वाढवलं जातंय. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच शहरात होतं, आणि त्यातून वाचलं. यामाकी कुटुंबाने १९७६ मध्ये ते अमेरिकेला भेट दिलं. चारशे वर्षं हाल सोसून कोणी जगत नाही.

झाड कोणतं घ्यायचं

तयार बोन्साय घेऊ नका. दीडशे-दोनशे रुपयांचं, काळ्या पिशवीतलं साधं रोप घ्या. ठाणे आणि नवी मुंबईची हवा दमट आणि उबदार, थंडी नावालाच. या हवेत सुखाने वाढणारी झाडं म्हणजे वड-पिंपळाची भावंडं. त्यातलं नवख्यासाठी सगळ्यात सोशिक झाड म्हणजे लहान पानांचा फायकस. नर्सरीत तो 'पांडा' किंवा 'लाँग आयलँड' अशा नावांनी मिळतो. त्याचं पान मुळातच लहान, त्यामुळे फूटभर उंचीचं झाडही झाडासारखं दिसतं. छाटलं की महिन्याभरात नवे फुटवे येतात आणि आपल्या पावसाळ्यात तर पारंब्याही सुटतात.

दुसरी निवड जेड, ते बारीक गोल मांसल पानांचं. ज्यांना पाणी घालायची आठवण राहत नाही त्यांनी हेच घ्यावं, कारण ते पानांत पाणी साठवून ठेवतं. ऊन भरपूर असेल तर बोगनवेल. कुंती, म्हणजे कामिनी, हीही छान, फुलली की गॅलरीभर वास. वड आणि पिंपळ आपले, पण त्यांची पानं मोठी. लहान कुंडीत ती छत्रीसारखी दिसतात, म्हणून ही झाडं जरा मोठी ठेवावी लागतात.

ऑनलाइन मिळणारी जुनिपर आणि पाइन यांच्या नादी लागू नका. फोटोतला बोन्साय हमखास तोच असतो, पण त्या झाडांना थंडी लागते आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात ती भराभर खराब होतात. त्यातही जुनिपर वाळल्यावर बरेच दिवस हिरवंच दिसतं. मेल्याचं कळेपर्यंत तुम्ही त्याला इमानदारीत पाणी घालत बसता. बियांचे 'बोन्साय किट' मुलांच्या वाढदिवसाला द्यायला ठीक आहेत. त्यातून झाड बघायचं तर मुलगा दहावी होईल.

नर्सरीत गेल्यावर पानांकडे शेवटी बघा. आधी खाली वाका. बोटाने वरची अर्धा इंच माती बाजूला सारा आणि बुंधा जमिनीत शिरतो तिथे काय आहे ते पाहा. चारी बाजूंना मुळं पसरली असतील, बुंधा खाली जाड आणि वर निमुळता होत असेल आणि खालच्या भागात दोन-तीन फांद्या असतील, तर ते रोप उचला, भले वरून गबाळं दिसो. खांबासारखा सरळसोट, शेंड्यालाच पानं असलेला बुंधा कितीही टवटवीत असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. नर्सरीवाले भैया हसतात. हसू द्या. मी एकदा तब्बल पाऊण तास पिशव्या उलटसुलट करत होतो, शेवटी त्यांनी मला बसायला स्टूल दिलं.

फुकटचं झाड हवं असेल तर आपल्याच इमारतीच्या मागच्या बाजूला जा. सांडपाण्याच्या पाइपाजवळ, भेगेत, एखादा पिंपळ किंवा उंबर उगवलेला असतोच. सोसायटी तो दरवर्षी तोडते आणि तो दरवर्षी येतो. सारखा छाटला गेल्यामुळे त्याचा बुंधा खाली जाड आणि वाकडातिकडा झालेला असतो, म्हणजे बोन्सायचं अर्धं काम कोणीतरी करून ठेवलेलं. सेक्रेटरींना विचारून, हाताला येणाऱ्या उंचीवर असेल तरच, पावसाळ्यात ओल्या भेगेतून तो हळूच सोडवून घ्या. मूळ बोटभर आलं तरी पुरे होतं. मात्र येऊरच्या जंगलातून काहीही उपटून आणायचं नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून रोप काढणं गुन्हा आहे.

माझा पिंपळ असाच पाइपाजवळचा. तो घरात आणला त्या दिवशी आई म्हणाली, "पिंपळ घरात? मुंजा असतो त्याच्यावर!" मी म्हटलं, एवढ्याशा झाडावर मुंजा असला तर तोही वीतभरच असेल. ती दोन दिवस बोलली नाही.

कुठे ठेवायचं

घराबाहेर. याला पर्याय नाही. फायकस, जेड, बोगनवेल ही उन्हातली झाडं. हॉलमध्ये, शोकेसवर, एसीच्या वाऱ्यात ती हळूहळू मरतात. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस आत आणा, मग परत बाहेर.

पूर्वेची गॅलरी असेल तर नशीबवान आहात. सकाळचं चार तासांचं ऊन फायकसला भरपूर झालं. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोननंतर लादी चटका देते आणि उथळ कुंडीतली मुळं अक्षरशः शिजतात. कुंडी थेट लादीवर न ठेवता दोन विटांवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, आणि त्या दोन महिन्यांपुरती हिरवी शेडनेट बांधा. उत्तरेच्या गॅलरीत बोगनवेल फुलणार नाही, तिथे फायकसवर समाधान माना. एसीचं बाहेरचं युनिट जिथे गरम हवा फेकतं, त्याच्या तोंडासमोर कुठलंही झाड नको.

उंच टॉवरमध्ये राहत असाल तर वाऱ्याचा विचार उन्हाइतकाच करायला हवा. विसाव्या मजल्यावर माती तळमजल्यापेक्षा कितीतरी लवकर सुकते, आणि हलकी कुंडी उडूही शकते. कठड्यावर कुंडी कधीही ठेवू नका, कितीही छान दिसली तरी. ग्रिलच्या आत, तारेने बांधून ठेवा.

नवं झाड घरी आणलं की दोन-तीन आठवड्यांत काही पानं पिवळी पडून गळतात. जागा बदलली की फायकस रुसतोच. या वेळी लोक घाबरून खत घालतात, कुंडी बदलतात, जागा पुन्हा बदलतात. काहीही करू नका. एका जागी ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाव वळसा फिरवा, म्हणजे सगळ्या बाजूंना उजेड मिळेल.

पाणी

बोन्साय शिकणं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी घालायला शिकणंच. "रोज किती घालायचं?" या प्रश्नाला उत्तर नाही. "आज लागणार आहे का?" हा प्रश्न रोज विचारायचा असतो.

त्यासाठी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी ठेवा. बांबूची ती काडी मातीत दोन इंच खोचा, दहा मिनिटांनी काढून बघा. काडी ओली, गडद दिसली तर आज पाणी नको. फिकट, कोरडी निघाली तर पाणी घाला. महिनाभर असं केलंत की कुंडी उचलल्यावर वजनावरूनच कळायला लागेल आणि काडी सुटेल. माझ्या आईला तर लांबून मातीच्या रंगावरून कळतं.

पाणी घालायचं तेव्हा मात्र पोटभर. बारीक भोकांच्या झारीने सगळ्या मातीवर फिरवत, तळाच्या भोकांतून धार येईपर्यंत घाला. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा. पहिल्या फेरीत माती ओली होते, दुसरीत ती पाणी धरते. पेला-वाटीने घातलेलं पाणी एकाच वाटेने निघून जातं आणि बाकीची मुळं कोरडीच राहतात, माझ्या पहिल्या झाडासारखी. माती पार सुकून पाणी वरच्यावर तरंगत असेल तर बादलीत कुंडीच्या काठापर्यंत पाणी घेऊन कुंडी त्यात ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा. आणि ते गोंदाने चिकटवलेले खडे असतील तर आणल्या दिवशीच पेचकसाने उचकटून टाका.

मार्च ते मे रोज सकाळी, लहान कुंडी असेल तर संध्याकाळीसुद्धा. जून ते सप्टेंबर पाऊस पोचत असेल तर बहुतेक दिवस काहीच नाही, पण वरच्या मजल्याच्या गॅलरीखाली आडोशाला असलेली झाडं भर पावसात तहानलेली राहतात. बाहेर धो धो कोसळतंय म्हणून आपण बघतच नाही, आणि आतल्या कुंडीत धूळ असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन-तीन दिवसांआड. सगळ्यात जास्त झाडं दगावतात ती ऑक्टोबरमध्ये. पाऊस थांबलेला असतो, पाणी घालायची सवय मोडलेली असते आणि ऊन पुन्हा मे महिन्यासारखं तापतं. दसऱ्याच्या आसपास मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल, आणि घोडबंदरकडे बऱ्याच सोसायट्यांत ते येतं, तर कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर जमतो. ते क्षार आहेत. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या आणि पावसाळ्यात झाडं बिनधास्त पावसात ठेवा.

ताटली ठेवायची असेल तर अर्ध्या तासाने रिकामी करायची. मुळं कुजतात हे एक. शिवाय पावसाळ्यात डेंगीच्या अळ्या शोधायला महापालिकेची माणसं येतात तेव्हा पहिली नजर कुंडीखालच्या ताटल्यांवरच जाते. ताटली नसेल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून पाणी घाला. हा नियम मी अनुभवाने लिहितोय.

माती

बागेतली लाल माती उथळ कुंडीत भरली की पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात वीट. बोन्सायच्या मातीला माती म्हणणंही चुकीचंच, तो खड्यांचा ढीग असतो. पाणी त्यातून झरझर वाहून जावं आणि खड्यांच्या मधल्या फटींत हवा राहावी. मुळांनाही श्वास लागतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या ठाण्यात तर हा मुद्दा पुण्यापेक्षाही महत्त्वाचा.

जपानी अकादामा माती ऑनलाइन मिळते, पण तिची किंमत बघून झाड विकावंसं वाटेल. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे विटांचा चुरा. भट्टीची लाल वीट लागते. आताच्या बांधकामांत पांढरट हलके ब्लॉक वापरतात, ते नकोत. सिमेंट लागलेले तुकडेही नकोत, सिमेंटमधला चुना माती बिघडवतो. एखाद्या जुन्या इमारतीत डागडुजी चालू असेल तर पोतंभर विटा फुकट मिळतात.

विटा गोणपाटात गुंडाळून हातोड्याने फोडा. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मग चाळा. मोहरीपेक्षा मोठा आणि हरभऱ्यापेक्षा लहान, एवढाच चुरा ठेवायचा. पिठाच्या चाळणीतून खाली पडेल ती धूळ टाकून द्या. ही धूळच पुढे तळाशी बसून भोकं बुजवते. चाळण घरातली वापरणार असाल तर आधी विचारा.

प्रमाण मगाने मोजा: ४ मग विटांचा चुरा, २ मग तेवढ्याच आकाराची धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी, २ मग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि मूठभर निंबोळी पेंड. खाडीची वाळू खारट असते, ती वापरू नका. जेडसाठी खत एकच मग. कोकोपीट मी घालत नाही. लोक घालतात, पण पावसाळ्यात ते स्पंजासारखं भिजून बसतं. तयार मिश्रण कुंडीत घालून वर पाणी ओता. पाणी दहा सेकंदांत खालून आलं नाही तर धूळ राहिलीय, पुन्हा चाळा.

पहिली कुंडीबदल

पहिल्या वर्षातली शस्त्रक्रिया एवढी एकच. नर्सरीच्या चिकट मातीतून झाड आपल्या मिश्रणात हलवायचं. फायकससाठी योग्य वेळ जूनचे पहिले पाऊस पडून गेल्यावर. हवेत ओल असते, ऊन मऊ असतं आणि झाड जोमात असतं. फेब्रुवारीअखेरही चालते. हिवाळ्यात आणलंत तर जूनपर्यंत नुसतं पाणी घाला आणि थांबा. थांबणं ही यातली सर्वात अवघड पायरी आहे.

कुंडी अजून बोन्सायची नको. भाज्या धुवायची प्लास्टिकची भोकांची टोपली घ्या, साधारण सहा-सात इंच तळाची. चहूबाजूंनी हवा लागते, त्यामुळे जाड मुळं गोल गोल फिरण्याऐवजी भरपूर तंतुमुळं फुटतात. तळाला बारीक जाळी अंथरा. जाळीतून वर येतील असे तारेचे दोन तुकडे आधीच ओवून ठेवा, झाड बांधायला.

रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसा. पिशवी कापली की मातीचा गोळा बाहेर येईल. लाकडी काडीने, चायनीज खायची असते तसली, कडेपासून आत असा हळूहळू विंचरा. जटा सोडवाव्यात तसं. घाई केलीत तर बारीक मुळं तुटतील. गोळ्याची साधारण एक तृतीयांश माती बाहेरून आणि खालून काढा, मध्यावरची राहू द्या. सरळ खाली गेलेलं जाड सोटमूळ असेल तर ते धारदार कात्रीने आखूड करा. बाजूला पसरलेली मुळं ठेवा, तीच पुढे बुंध्याची शान होतात. एकूण मुळांपैकी एक तृतीयांशपेक्षा जास्त पहिल्या खेपेला कापू नका. कापलेल्या जागेतून पांढरा चीक येईल, पाण्याचा फवारा मारला की थांबतो. हाताला लागला तर धुवा, डोळ्यांना हात लावू नका. लहान मूल किंवा मांजर जवळपास असेल तर विशेष सांभाळा.

टोपलीत मिश्रणाचा लहानसा ढीग करा, झाड त्यावर बसवून थोडं फिरवत दाबा. मग तारांनी मुळांचा गोळा घट्ट बांधा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. झाड वाऱ्याने हललं की फुटलेली नवी कोवळी मुळं तुटत राहतात आणि दोन महिने झाड तसंच उभं राहतं, ना मरत ना वाढत. बांधून झालं की उरलेलं मिश्रण घाला आणि काडीने भोसकत भोसकत मुळांमधल्या पोकळ्या भरा. खडे खाली सरकायचे थांबेपर्यंत. मग तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घाला. पहिलं पाणी विटेच्या रंगाचं लालसर येतं, गॅलरीची लादी लगेच धुवा.

पुढचे तीन आठवडे सावलीत, पण उजेडात. खत महिना-दीड महिना नाही. जेडच्या बाबतीत उलटं, कापल्यावर मुळं सुकू द्यायची आणि चार-पाच दिवस पाणीच घालायचं नाही.

छाटणी, आणि मग कुठे तार

ऑगस्टपर्यंत फायकस सगळीकडून सुटलेला असेल. हात शिवशिवतील, पण बुंधा जाड करायचा असेल तर झाडाला मोकळं वाढू देण्याला पर्याय नाही. छोट्या कुंडीत सतत छाटलेल्या झाडाचा बुंधा पेन्सिलएवढाच राहतो. ज्या भागात जाडी हवी त्याच्या वरची एखादी फांदी वर्षभर लांब धावू द्या, काम झालं की ती मुळातून काढा. बाकीच्या फांद्यांवर सहा-सात पानं आली की दोन-तीन ठेवून कापा. कापताना शेवटचं पान ज्या दिशेला असेल, नवा फुटवा त्या दिशेला निघतो. म्हणून बाहेरच्या बाजूच्या पानावर कापा, आतल्या बाजूच्या नाही.

तार दुसऱ्या वर्षी. ॲल्युमिनियमची तार, १ ते ३ मिलिमीटर जाडीची. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची असली की फांदी दिलेल्या जागी राहते. तिरकी, ४५ अंशांत, सारख्या अंतरावर वेढे देत बुंध्याकडून टोकाकडे जायचं, आणि फांदी वाकवताना वळणाची बाहेरची बाजू बोटांनी धरून दोन्ही अंगठे आतल्या बाजूने टेकवायचे. पहिला हात बोगनवेलीच्या कापून टाकलेल्या फांद्यांवर बसवा. दहा फांद्या मोडल्या की किती वाकवता येतं ते बोटांना कळतं.

तार लावणं सोपं, काढायचं लक्षात ठेवणं कठीण. पावसाळ्यात फायकसची फांदी तीन आठवड्यांत तारेवर फुगते. एका जुलैत मी तार लावून गावी गेलो, भातलावणीच्या निमित्ताने महिनाभर राहिलो. परत आलो तेव्हा तार सालीत रुतलेली. आज पाच वर्षं झाली, त्या फांदीवर स्क्रूच्या आट्यांसारखी खूण आहे. तार उलगडत बसू नका, वायर कटरने जागोजागी तोडून काढा. आणि कुंडीबदल केली त्या वर्षी तार नको, एका वेळी एकच त्रास.

शैलींची नावं, सरळ, वळणदार, धबधब्यासारखी वगैरे, नंतर वाचा. तूर्तास झाड समोरून बघा आणि कोणती फांदी डोळ्यात खुपते ते ठरवा. एका उंचीवर समोरासमोर दोन फांद्या असतील तर त्यातली एक जाते.

खत, कीड आणि गणपतीची सुट्टी

खत थोडं आणि वारंवार. भुईमुगाची पेंड तीन दिवस भिजवून, पातळ चहाच्या रंगाची होईपर्यंत पाणी घालून, महिन्यातून दोनदा. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगा. नको असेल तर १९:१९:१९ चं विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम. मुसळधार आठवड्यांत कुठलंच पातळ खत घालू नका, सगळं वाहून गटारात जातं.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या चढउतार करत असतील तर तो आलाय किंवा येणार आहे. चार-दोन असतील तर कानकोरण्याच्या कापसाला स्पिरिट लावून पुसा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे काही थेंब, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. फायकसचं पान करंजीसारखं मिटलेलं दिसलं तर आत फुलकिडे असतात, ती पानं तोडून पिशवीत बांधून फेका.

गणपतीला कोकणात जाणार असाल तर पाच-सात दिवसांचा प्रश्न पावसावरच सुटतो, फक्त झाडं आडोशातून पुढे ओढा आणि ताटल्या उचला. मे महिन्यात जाणं वेगळं. तेव्हा झाडं गॅलरीच्या सावलीच्या कोपऱ्यात एकत्र करा. बादली कुंड्यांपेक्षा जरा उंच ठेवा, तिच्यातून सुती दोरीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं मातीत पुरून घ्या. मात्र जाण्याआधी दोन दिवस करून पाहा, प्रत्येक दोरी पाणी ओढतेच असं नाही. याहून खात्रीचा उपाय म्हणजे शेजारी. फक्त त्यांना "रोज थोडंसं" असं सांगू नका. काडी दाखवून जा.

कुंडी सगळ्यात शेवटी

चिनीमातीची ती उथळ, निळसर कुंडी ही तिसऱ्या-चौथ्या वर्षाची गोष्ट. उथळ कुंडीत गेल्यावर झाडाची वाढ मंदावते, म्हणून बुंधा हवा तेवढा जाड झाल्यावरच ती घ्यायची. ढोबळ माप असं: कुंडीची खोली बुंध्याच्या तळच्या जाडीएवढी, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश. तळाला भोकं नसतील तर कितीही सुंदर असली तरी दुकानातच ठेवून या.

माझा पाइपाजवळचा पिंपळ पाच वर्षं झाली तरी टोपलीतच आहे. फेब्रुवारीत सगळी पानं गाळून बसतो, आणि मग एक दिवस तांबूस, काचेसारखी पालवी फुटते. आई त्याला रोज सकाळी पाणी घालते. काडी वापरत नाही. मुंज्याला तहान लागली असेल, म्हणते.